अ‍ॅपवरून डिलिव्हरी की स्वतःचं पार्सल?

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि महाराष्ट्रातली हॉटेलं बसून खाणाऱ्यांसाठी थेट 5 ऑक्टोबरला उघडली, तीही निम्म्या क्षमतेने. मधल्या काळात गल्लीतल्या खानावळीला तगून राहायला दोनच वाटा होत्या: डिलिव्हरी अ‍ॅप किंवा स्वतः घरपोच दिलेलं पार्सल.

अ‍ॅपमुळे नवी गिऱ्हाइकं मिळतात, पोरं नेमावी लागत नाहीत. पण कमिशन 20-25 टक्क्यांच्या घरात जातं आणि गिऱ्हाइकाचा नंबर आपल्याकडे येतच नाही. भाडं, वीजबिल, आचाऱ्याचा पगार चालूच असताना ही कात्री जीवघेणी ठरते.

स्वतःच्या पार्सलला मेहनत जास्त. फोन घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर मेनू टाका, वेटरलाच स्कूटरवर पाठवा. मिसळ असेल तर रस्सा वेगळ्या पिशवीत गाठ मारून, फरसाण कोरडं, पाव कागदात. नाहीतर घरी पोचेपर्यंत सगळा लगदा. पण पैसे लगेच हातात, आणि वेटरची नोकरीही टिकते. शेजारच्या एकट्या आजींना कमी तिखटाचा रोजचा डबा द्यायचा, तर तो असाच देता येतो.

माझं मत स्पष्ट आहे: ओळखीची वस्ती असेल तर पार्सलच. अ‍ॅप लांबच्या गिऱ्हाइकांपुरतं ठेवावं, तेही कमिशन धरून दर लावूनच.