दहा दिवसांचे विपश्यना शिबिर : स्वतःचा मार्ग शोधणाऱ्याच्या दृष्टीने

आपली साधना आपणच निवडावी असे मानणाऱ्याला दहा दिवसांच्या निवासी विपश्यना शिबिराची नियमावली वाचून संकोच वाटणे स्वाभाविक आहे. सर्वांना एकच वेळापत्रक, एकच विधी म्हणजे ध्यानपद्धती, पंचशीलाचे पालन, आणि फोन, पुस्तक, वही, जप, योगासने या साऱ्यांना शिबिर संपेपर्यंत विराम. इतक्या काटेकोर चौकटीत व्यक्तीचा स्वतःचा मार्ग कुठे उरतो, हा प्रश्न मनात ठेवूनच मी शिबिर केले, आणि या परीक्षणातही मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. माझे मत असे बनले की चौकट सर्वांना सारखी असल्यामुळेच तिच्या आत जे घडते ते केवळ आपले असते. म्हणून स्वतःचा मार्ग शोधणाऱ्याने, प्रकृती अनुकूल असेल तर, हे शिबिर एकदा तरी पूर्ण करावे.

पहाटे 4 वाजता घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या वेळात सुमारे दहा तास ध्यानाचे असतात. शिबिरात पाळायच्या आर्य मौनात केवळ बोलणेच नव्हे, तर खाणाखुणा आणि चिठ्ठ्याही वर्ज्य असतात. अडचण असेल तर व्यवस्थापनाशी आणि साधनेविषयी सहाय्यक आचार्यांशी बोलता येते. हे मौन मला या शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. शेजारच्या आसनावरील साधकाला काय जाणवते आहे हे कळण्याचा मार्गच नसल्यामुळे आपली प्रगती कमी की अधिक हे मोजायला कोणतेही बाहेरचे माप हाताशी राहत नाही, आणि एरवी आत्मविकासाच्या नावाखाली आपण दुसऱ्यांच्या अनुभवांची जी नक्कल करत असतो, तिला इथे वावच मिळत नाही.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या स्वाभाविक श्वासाकडे लक्ष ठेवणे. हा प्राणायाम नव्हे. श्वास दीर्घ करायचा नसतो, त्याला मंत्राची किंवा मूर्तीची जोडही द्यायची नसते. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना क्रमाने पाहत जायचे असते. त्याच सुमारास अधिष्ठानाच्या बैठकी सुरू होतात : दिवसातून तीनदा, एकेक तास, डोळे न उघडता आणि हात-पाय न हलवता बसण्याचा संकल्प. गुडघ्यातली कळ वाढू लागली की मन तिच्यावर चिडते, आणि पुढे कधी सर्वांगात सुखद तरंग जाणवले की तेच मन त्यांना धरून ठेवू पाहते. दोन्ही संवेदना अनित्य आहेत हे जाणून समता राखणे, एवढीच सूचना पुनःपुन्हा दिली जाते. सूचना एकच असली तरी कुणाला आपला राग भेटतो, कुणाला भीती, कुणाला दडपून ठेवलेले दुःख, आणि ते कोणत्या क्रमाने वर येईल हे कुणीही आधी सांगू शकत नाही.

शिबिराचे शिक्षण सत्यनारायण गोएंका यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांमधून आणि सायंकाळच्या प्रवचनांमधून दिले जाते. ब्रह्मदेशातील मंडाले येथे 1924 साली जन्मलेले हे व्यापारी अर्धशिशीने त्रस्त होऊन विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ दुखण्याच्या उपचारासाठी ही विद्या नाही असे सांगून त्या आचार्यांनी त्यांना प्रथम नकार दिला होता. पुढे 1955 साली गोएंका यांनी पहिले शिबिर केले, आणि 1969 पासून ते भारतात शिबिरे घेऊ लागले. ज्याला स्वतःचा मार्ग हवा आहे त्याने प्रवचनांतील प्रज्ञेचे तीन प्रकार विशेष लक्षपूर्वक ऐकावेत. ऐकून मिळते ती श्रुतमयी, विचाराने पटते ती चिंतनमयी आणि स्वानुभवाने उमलते ती भावनामयी. पहिल्या दोन आपल्यापाशी भरपूर असतात. तिसरीसाठी सलग वेळ आणि शांत जागा लागते, आणि ती दोन्ही हे शिबिर मनापासून देते.

माझा खरा आक्षेप शिकवण्याच्या पद्धतीविषयी आहे. प्रवचने ध्वनिमुद्रित असल्याने ती आपल्या विशिष्ट शंकेला उत्तर देऊ शकत नाहीत, आणि सहाय्यक आचार्यांशी होणारे बोलणे थोडक्यात आणि विधीपुरते राहते. अनेक वर्षे नामस्मरण करणाऱ्याच्या श्वासाबरोबर नाम आपोआप उमटू लागते, आणि ते बाजूला ठेवणे त्याला श्रद्धेशी प्रतारणा केल्यासारखे वाटू शकते. अन्य साधनांना विराम देण्यामागे त्यांची निंदा करण्याचा हेतू नसून या विधीला निर्भेळ संधी मिळावी हा असतो, असे नियमावलीत स्पष्ट केलेले आहे आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु शिबिरानंतर एकाच विधीला धरून राहण्याचा जो आग्रह होतो, त्याविषयी साधकाने घाई करू नये. दहा दिवसांत विधीची ओळख होते. आजवरची उपासना सोडावी की ठेवावी हा निर्णय त्याहून सावकाश व्हायला हवा.

शिबिराला शुल्क नसते. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानावरच खर्च भागतो आणि धम्मसेवक विनामूल्य सेवा करतात. त्यामुळे आपण ग्राहक आहोत ही भावना नाहीशी होते, आणि साधनेला ते पोषक ठरते.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही आणि अर्जात आरोग्याविषयी प्रश्न विचारलेले असतात. ती उत्तरे प्रामाणिकपणे द्यावीत, औषधे चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. नुकत्याच मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाने थोडे थांबावे, असे मी सुचवीन. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांविषयी सद्भावना जागवणारे ध्यान, शिकवून मौन सुटते आणि अकराव्या दिवशी सकाळी शिबिराची सांगता होते. त्यानंतर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास घरी बसण्याचा सल्ला मिळतो. प्रपंच सांभाळणाऱ्याला हे दोन तास काढणे दहा दिवसांच्या मौनापेक्षाही अवघड जाते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून त्यांतला निदान एक तास ठरवून ठेवावा, आणि पूर्वीची उपासना चालू असेल तर तिच्याविषयीचा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत न लांबवता दुपारी 12 ते 1 या भेटीच्या वेळेत आचार्यांना सरळ विचारावा.