फ्रेंच पुण्यात शिकून यावं की माँट्रियालला आल्यावर?

माँट्रियालची नोकरी ठरली, परमिट आलं, निघायला चार महिने आहेत. मग फ्रेंच पुण्यातच उरकून घ्यावं की तिथे गेल्यावर शिकावं? मी दोन्ही केलंय. पुण्यात अलायन्स फ्रान्सेजमध्ये ए-टूपर्यंत (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात) शिकले आणि इथे आल्यावर क्यूबेक सरकारच्या, म्हणजे माँट्रियाल ज्या प्रांतात आहे तिथल्या सरकारच्या, वर्गाला बसले. म्हणून दोन्हींबद्दल सांगते.

पुण्यात पाया पक्का होतो. क्रियापदं, काळ, वाचन, लेखन सगळं रांगेत बसतं, आणि न समजलेलं मराठीत विचारता येतं. इथे घरभाड्याचा करार किंवा शाळेची चिठ्ठी हातात आली की हाच पाया कामाला येतो. पण तिथे शिकवतात ती फ्रान्सची भाषा. 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण, असं मी पाठ केलं होतं. इथे 'दिने' दुपारचं, रात्रीचं 'सुपे', आणि सकाळच्या नाश्त्याला 'देज्यने', जे फ्रान्समध्ये दुपारचं जेवण. शाळेतून वेळ कळवली की असा गोंधळ महागात पडतो.

एक प्रसंग सांगते. आम्हाला येऊन पाच महिने झाले होते. मुलीला ताप होता आणि मी दवाखान्याच्या खिडकीशी उभी होते. बाईंनी विचारलं, "व्होत्र कार्त सोलेय?" 'सोलेय' म्हणजे सूर्य, एवढं मला येत होतं. मी पासपोर्ट दिला, लसीकरणाचे कागद दिले. त्यांनी तेच वाक्य आणखी भरभर म्हटलं. मागे रांग वाढत होती आणि कडेवरची पोर रडत होती. शेवटी रांगेतल्या एका आजींनी स्वतःच्या पर्समधून कार्ड काढून मला दाखवलं. सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड! त्यावर सूर्याचं चित्र असतं, म्हणून सगळे त्याला 'सूर्यकार्ड' म्हणतात. माझ्या पर्समध्येही ते होतं. शब्द ओळखीचा असूनही त्यांना काय हवंय ते मला कळलं नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सरकारी वर्गात असे शब्द पहिल्या महिन्यातच येतात. 1 जून 2023 पासून 'फ्रान्सिझासियाँ क्यूबेक' या एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि वर्ग मोफत असतात. पूर्णवेळ वर्ग म्हणजे आठवड्याला 25 ते 30 तास. नोकरी असेल तर अर्धवेळ किंवा ऑनलाइन. कोणता वर्ग मिळेल ते परमिटवर ठरतं. सगळ्यात मोठा फायदा शेजारच्या बाकाचा: तिथे कोलंबियाची बाई, पलीकडे इराणचा मुलगा. कोणाशीच इंग्रजीवर भागत नाही, त्यामुळे बोलावंच लागतं. अडचण एकच, पण मोठी: वाट पाहणं. 2024 च्या शरदात निधी अपुरा पडला आणि अनेक केंद्रांतले वर्ग बंद झाले. त्यामुळे सगळी भिस्त यावर ठेवू नका.

उच्चारांची मात्र आपल्याला भीती नको. इथे 'तु' (म्हणजे तू) म्हणताना त च्या पुढे स चा स्पर्श येतो, अगदी आपल्या 'चूल'मधल्या च सारखा. 'मार्दी'चा (मंगळवार) शेवट 'जाड'मधल्या ज कडे झुकतो. हे दोन्ही आवाज मराठी माणसाच्या जिभेवर जन्मापासून आहेत. 'तू' आणि 'तुम्ही'ही आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. फक्त इथे दुकानातला मुलगाही पटकन 'तु'वर येतो, ते उर्मट समजू नका.

खरी कसोटी फोनवर. फ्रेंचमध्ये 97 म्हणजे चार वीस, दहा, सात. फ्रान्समध्ये फोन नंबर जोड्यांनी सांगतात, इथे बहुतेकदा एकेक आकडा. मोबाइलवरची ॲपं शब्द वाढवतात, पण एवढ्या घाईचं बोलणं पकडायला शिकवत नाहीत. त्यातल्या त्यात रेडिओ-कॅनडाचं 'मोरील' चांगलं, कारण त्यात इथलेच कार्यक्रम आहेत, तेही फुकट.

तर माझं मत: चार महिने असतील तर पुण्यात ए-वन आणि जमल्यास ए-टू कराच. बी-टूसाठी मात्र तिथे थांबू नका. तेवढा वेळ आणि पैसा इथलं बोलणं कानांच्या सवयीचं व्हायला लागतो. घरात एक जण नोकरी शोधत असेल, तर त्याने किंवा तिने पूर्णवेळ वर्ग घ्यावा. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी अधिक सावध राहावं. ऑफिस इंग्रजीत चालतं आणि वर्षं निघून जातात. इकडे 2022 च्या कायद्याप्रमाणे नवागताशी सहा महिन्यांनंतर, काही अपवाद वगळता, सरकारी कार्यालयं फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. पुढे कायम राहायचं असेल तर अनेकांना बोलण्या-ऐकण्यात क्यूबेकच्या बारापैकी सातवी पातळी दाखवावी लागते, म्हणजे साधारण बी-टू.

आल्याच्या आठवड्यात सरकारी वर्गासाठी अर्ज टाका. आणि नंबर लागेपर्यंत जवळच्या वाचनालयातल्या फ्रेंच संभाषणाच्या गटात जाऊन बसा. माझी त्या दवाखान्यातल्या आजींसारख्याच दुसऱ्या एका आजींशी तिथे ओळख झाली. दर बुधवारी त्या मला आठवडाभराच्या खरेदीची यादी मोठ्याने वाचायला लावायच्या.