जुन्या रायफलीचं वय चोख, किंमत अंदाजपंचे

‘फोटो पाठवा, रायफल कुठली, कधीची आणि किती किमतीची ते सांगतो’ अशी जाहिरात करणाऱ्या एका सेवेला मी मामांच्या मागे राहिलेल्या दोन रायफलींचे फोटो पाठवले. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. पंच हाताने मारलाय की मशीनवर, कानस कुठे फिरली, हे मला सांगावं लागत नाही. पण कुठला ठसा कुठल्या कारखान्याचा, त्यात मी कच्चा. म्हणून फी भरली.

पहिली मार्टिनी-हेन्री. खालची लिव्हर ओढली की आतला ठोकळा झुकतो आणि एकच काडतूस घालता येतं, ती. ब्रिटिश फौजेने हे मॉडेल 1871 मध्ये घेतलं. हिच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली व्ही.आर., मग एनफील्ड (ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना) आणि 1907. अहवालाने दोन वाक्यांत निकाल लावला: राणी व्हिक्टोरिया जानेवारी 1901 मध्ये वारली, मग 1907 च्या सरकारी रायफलीवर तिची अक्षरं येतील कुठून? शिवाय एनफील्डमधला इंग्रजी एन उलटा. म्हणजे ही खैबर खिंडीच्या भागात हाताने घडवलेली नक्कल. भिंग लावून बघितलं तर मलाही पटलं. प्रत्येक अक्षर वेगळ्या पंचाने मारलेलं, कुठे खोल, कुठे नुसतं टेकवलेलं, ओळ उजवीकडे चढत गेलेली, आणि मुकुटाखाली कानशीचे आडवे ओरखडे तसेच. सरकारी कारखान्यात असा माल तपासनिसाने पुढे जाऊच दिला नसता. लोखंड कुठलं, कसं तापवलं याचा पत्ता नाही, तेव्हा हिच्यातून गोळी झाडू नका, असंही त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. एवढ्यासाठीसुद्धा फी वसूल.

दुसरी ली-एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेचीच, पण बोल्टची: दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायची. हिच्यावरचे ठसे सरळ होते. बोल्टच्या मागे दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी कॉलरवर जी.आर. (राजा जॉर्जची अक्षरं), बी.एस.ए. कंपनी (बर्मिंगहॅमचा कारखाना), 1917 आणि मॉडेलचं नाव, मार्क तीन स्टार. इथे मला त्यांची पद्धत आवडली. ठसा वाचून ते थांबले नाहीत, भाग ताडून बघितले. तो स्टार म्हणजे पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, उत्पादनाचा वेग वाढवायला केलेली काटछाट. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बंद करणारी पट्टी गेली, डाव्या अंगाची लांब पल्ल्याचा नेम धरायची माशी गेली. माझ्या रायफलीवर दोन्ही नाहीत, म्हणजे ठसा आणि अंग जुळतं. मग त्यांनी आणखी फोटो मागवले: बोल्टच्या दांड्याचा मागचा भाग, नळीचं बूड, पुढच्या लाकडाचं टोक. बोल्टचा नंबर वेगळा निघाला. नळीवर तिची स्वतःची तारीख असते, ती 1930 नंतरची. फौजी रायफल दुरुस्तीला गेली की नळी बदलून यायची, बोल्ट दुसऱ्याचा लागायचा. त्यामुळे वय विचारलं तर कॉलरचं एक, नळीचं दुसरं. हे सगळं अहवालात भागवार लिहिलेलं होतं.

किंमत मात्र अंदाजपंचे दाहोदरसे! दोन्हींना एकेक आकडा. कशावरून, ते नाही. विक्रेते सांगतात तो भाव की लिलावात खरोखर पैसे मोजले गेले तो भाव? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी विचारल्यावर ‘बाजाराचा अभ्यास’ एवढंच उत्तर आलं. नळीच्या आतला फोटो अर्जात मागितलेलाच नाही, हे तर अतिच झालं. त्या काळच्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्या असत, त्यांतल्या रसायनातून झाडल्यावर क्षार मागे राहतात, ते ओल धरतात आणि नळी आतून खड्डे पडून खराब होते. बाहेरून झकास दिसणाऱ्या रायफलीची नळी आतून भंगार असू शकते. ते न बघता किंमत कसली सांगता?

आणि लाकूड. ली-एनफील्डचं लाकूड कोणीतरी सँडपेपरने घासून वर चकाकी मारली आहे. मूळ लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं. इथे बोटाचं नख फिरवलं तर लाकूड खाली आणि धातूची कड वर लागते. तपासनिसांचे ठसे घासून पुसट झालेत. संग्राहक अशा रायफलीला निम्मी किंमत द्यायलाही कुरकुरतो. यांच्या अहवालात शेरा काय, तर ‘लाकूड उत्तम स्थितीत’. मी तीन ओळींचा खुलासा मागितला, उत्तर आलं नाही.

मित्राची विंचेस्टर 1894 ही अमेरिकन रायफल मी त्यांच्याकडे पाठवली नाही, पण फोनवर विचारलं तेव्हा सल्ला प्रामाणिक मिळाला. 1894 हे मॉडेलचं नाव आहे, बनवल्याचं साल नव्हे. छापील तक्त्यांमधली सालं आणि कारखान्याच्या मूळ नोंदी कित्येकदा जुळत नाहीत. सुरुवातीच्या नंबरांच्या नोंदी अमेरिकेत कोडी इथल्या संग्रहालयात आहेत, तिथून तुमच्या नंबराच्या नोंदीचं पत्र मागवा, आम्हाला फी देऊ नका, असं म्हणाले. गिऱ्हाईक हातचं सोडणारे लोक कमी, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

पाठवायचंच ठरवलंत तर आधी काही घासू नका. तारेचा ब्रश नको, पॉलिश नको; जुना काळपट थर गेला की पैसेही गेले. खोलीत अंधार करून टॉर्च ठशाच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरा, पुसट अक्षरंही वर येतात. आणि हे सगळं मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची खात्री केल्यावरच.

पाचपैकी साडेतीन. वयासाठी डोळे मिटून पाठवा. विकायची असेल तर किमतीचं पान बाजूला ठेवा आणि रायफल हातात घेऊन नळीत डोकावणारा जाणकार गाठा.