लेटरहेडवर नीट बसणारा रिपोर्ट

सदाशिव पेठेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट ब्राउझरमधून निघतात, पण कागद आमचा छापील लेटरहेड: वर ४५ मिलिमीटर नाव-पत्ता, खाली २५ मिलिमीटर सहीची जागा. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटचं नाव लोगोवर चढायचं, कोपऱ्यात तारीख आणि वेबपत्ता उमटायचा. काउंटरवर नवीन मुलगी बसली की कधी कागद ए-फोरऐवजी लेटर निवडलेला, म्हणजे १८ मिलिमीटर आखूड.

एकदा एका आजोबांचं कोलेस्टेरॉल २२८ आलं. आकडा पानाच्या तळाशी, शेजारी "२०० पेक्षा कमी: योग्य" एवढंच, "२०० ते २३९: काठावर" ही ओळ पुढच्या पानावर गेलेली. आजोबा घाबरून फक्त पहिलं पान पुढे करत होते. त्यांना खुर्चीवर बसवलं, दुसरं पान दाखवलं. त्याच आठवड्यात रिपोर्टची सॉफ्टवेअर सेवा बदलली.

नव्या सेवेला सहा महिने झाले, मी मनापासून समाधानी आहे. त्या कंपनीचा एक मुलगा लॅबमध्ये आला, लेटरहेडवर पट्टी ठेवून मापं घेतली आणि ती रिपोर्टच्या पानातच, सीएसएसच्या (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) ॲट-पेज या छपाईच्या नियमात, लिहिली. कागद ए-फोर, मार्जिन शून्य. मार्जिनच नाही म्हटल्यावर ब्राउझरला तारीख-पत्ता छापायला जागा उरत नाही. मग वरची जागा कशी सुटते? टेबलच्या शीर्षकात ४५ मिलिमीटरची कोरी पट्टी आहे आणि शीर्षक प्रत्येक पानावर पुन्हा येतं. खालच्या २५ मिलिमीटरसाठी तळाशीही तशीच पट्टी. एका तपासणीची ओळ दोन पानांत तुटत नाही. मुलींना एवढंच सांगितलंय: प्रिंटच्या खिडकीत मार्जिन 'डीफॉल्ट' (म्हणजे पानात लिहिलेलंच) आणि स्केल १०० ठेवा.

प्रिंटरचा ट्रे मात्र हातानेच निवडावा लागतो. तो अधिकार ब्राउझर कुठल्याच वेबपानाला देत नाही, त्यामुळे त्याचा दोष मी यांना देणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. प्रेसने नवीन लेटरहेड ३ मिलिमीटर खाली छापला, तर माप बदलायला यांना फोन करून दोन दिवस थांबावं लागलं. तो आकडा आम्हाला बदलता यायला हवा. म्हणून पाचपैकी चार.

लॅबसाठी कुठलीही सेवा घेणार असाल तर डेमोला स्वतःचे लेटरहेड न्या आणि तीन पानी रिपोर्ट छापून मागा. एक पानी रिपोर्ट सगळ्यांचाच बरोबर येतो.