हँडल नसलेला ओटा: गोला प्रोफाइल की पुश-टू-ओपन?

ओट्याखाली सपाट, मॅट शटर (कपाटांची दारं) हवीत आणि हँडल एकही नको, एवढं ठरलं की खरा प्रश्न उघडण्याचा असतो. सुतार दोन पर्याय पुढे करतात: अॅल्युमिनियमची गोला प्रोफाइल (शटरच्या वरच्या कडेमागे आडवी खाच करणारी पट्टी, तिच्यात बोटं घालून शटर ओढायचं), नाहीतर दाबून उघडणारा पुश लॅच. (शटरची कड 45 अंशांत कापून तिथे बोटं घालायची, हा तिसरा. मायक्याच्या शटरला तो नकोच, कडेला चिकटवलेली पट्टी, म्हणजे एज बँड, पहिली तिथेच सुटते.)

दिसण्यात पुश-टू-ओपन सरस, यात वाद नाही. मधे खाच नाही, धातूची पट्टी नाही. पण दाबायला शटरमागे अडीच-तीन मिमी मोकळी फट लागते. पावसाळ्यात शटर थोडं जरी वाकलं तरी ही फट एका कोपऱ्यात बुजते, आणि मग कधी दाबूनही उघडत नाही, कधी लावलं तरी लागत नाही. बाहेरून 1 मिमी लॅमिनेट लावून आतली बाजू कोरी ठेवली तर हे होणारच, आतूनही 0.8 मिमी लावून घ्या. साध्या पुश लॅचला स्प्रिंग नसलेली बिजागरी लागते, म्हणजे सॉफ्ट क्लोज, शटर न आपटता अलगद बंद होणं, विसरा. ड्रॉवरला दोन्ही एकत्र देणारे चॅनेल (ड्रॉवर सरकण्याचे रूळ) मिळतात, पण ते महाग, आणि रुंद ड्रॉवरला डावी-उजवी बाजू एकदम सुटावी म्हणून मधे जोडदांडाही लागतो.

हे सगळं चालवून घेता येईल. काटा फिरतो तो वेगळ्याच गोष्टीने. मुंबईच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर तीन-साडेतीन फूट जागा मिळाली तरी नशीब. पोळ्या लाटणारा माणूस ओट्याला टेकूनच उभा राहतो. कंबर टेकली की ट्रॉली टक्‌ करून बाहेर. हात पिठाचे, म्हणून ती गुडघ्याने आत लोटायची; नीट खटका बसला नाही तर अर्धवट उघडीच राहते, बसला तर पुढच्या पोळीला पुन्हा बाहेर. शिवाय दरवेळी बोटं उमटतात ती थेट शटरच्या तोंडावर, आणि गडद मॅटवर तेलाचा हात लपत नाही. ज्यांचं स्वयंपाकघर प्रशस्त आहे, त्यांना कदाचित हे जाणवणारही नाही.

आमच्या ओट्याखाली गोला आहे. तिचेही नखरे आहेत. बॉक्सच्या बाजूच्या फळ्या समोरून कापाव्या लागतात: ओट्याखालच्या L पट्टीला साधारण 60 मिमी उंच, दोन ड्रॉवरमधल्या C पट्टीला 75 मिमीच्या आसपास, खोली 26 मिमी. वरचा ड्रॉवर त्यामुळे दीड-दोन इंच उथळ होतो. चमचे-झारे मावतात, डबे नाहीत. ओटा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर असेल तर पट्टी सलग जातच नाही, खणाखणात तुकडे बसतात आणि सगळी शोभा जाते. तिथे पुशचा विचार जरूर करा. आडव्या खाचेत पीठ आणि तेलकट धूळ साचते, तीही आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी लागते.

पण खरी काळजी घ्यायची ती सिंकजवळ. ग्रॅनाइटच्या कडेवरून ओघळलेलं पाणी सरळ L पट्टीत उतरतं, आणि कापलेल्या प्लायची कोरी कड ते पिऊन फुगते. म्हणून पट्टी बसण्याआधी प्रत्येक कापावर सीलर, वरच्या सांध्यात सिलिकॉन, आणि ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी बारीक खाच. समुद्राजवळच्या घरात स्वस्त पावडर कोटिंग कापलेल्या टोकापासून सुटू लागतं. अॅनोडाइज्ड (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवलेली) पट्टी घ्या, टोकांना टोपण लावायला लावा.

खर्चाचा फरक फारसा उरत नाही, कारण गोलासोबत नेहमीचे सॉफ्ट क्लोज चॅनेल चालतात. पट्ट्या बहुतेक दहा फुटी येतात. ओटा त्याहून लांब असेल तर जोड नेमका दोन बॉक्सच्या मधल्या फळीवर येईल, हे ड्रॉइंगवरच ठरवून घ्या.

पुश लॅच मी लॉफ्ट आणि टीव्हीखालच्या कपाटासाठी राखून ठेवीन. तिथे कुणी टेकून उभं राहत नाही.