इलेक्ट्रिक टूथब्रशची स्वस्त हेड्स : एक पावसाळा वापरून पाहिल्यावर

गोल चकतीच्या इलेक्ट्रिक टूथब्रशच्या हेडमध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या वरच्या भागात, केसांची चकती जागेवर धरून ठेवणारी एक बारीक धातूची पिन असते. कंपनीच्या हेडमध्ये ती कधी कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या, निम्म्याहून कमी किमतीच्या हेडमध्ये मात्र सगळा भरवसा या पिनेवर आहे, असे मी जवळजवळ वर्षभराच्या वापरानंतर ठामपणे म्हणू शकतो. गेल्या जुलैमध्ये ब्रश चालू असताना आमच्या एका हेडची चकती सुटली आणि बेसिनमध्ये पडली. ते हेड मी वापरत होतो म्हणून निभावले. तेच हेड मुलीच्या तोंडात असते तर तिने चकती गिळली असती किंवा ती घशात अडकली असती. त्यामुळे केवळ तक्रार नोंदवून न थांबता हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

स्वस्त हेड्सकडे वळण्याचे कारण सरळ होते. घरात आम्ही चौघे, ब्रश गोल चकतीचा, मागेपुढे फिरणारा. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे दर तीन ते चार महिन्यांनी हेड बदलायचे म्हटले तर वर्षाला सोळापर्यंत हेड्स लागतात. मला कंपनीचे एक हेड साधारण तीनशे रुपयांना पडत होते, म्हणजे वर्षाचे चार हजार आठशे. एवढ्या पैशांत नवा ब्रशच येतो. शिवाय इथे गोव्यात, फोंड्यातील फार्मसीत साधे ब्रश हवे तेवढे मिळतात, हेड मात्र मिळत नाही. 'कंपनीचे ठेवले तर पडूनच राहते, साहेब, घेणार कोण?' असे दुकानदाराने सांगितले आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ऑनलाइन पाहिले तर त्याच मापाची चार हेड्स तीनशे रुपयांना, म्हणजे एक पंचाहत्तरला मिळत होते.

पहिले पाकीट मागवले ते पावसाळा सरल्यानंतर, आणि त्या पाकिटाबद्दल माझी तक्रार नाही. हँडलच्या दांडीवर हेड घट्ट बसले, आवाज कंपनीच्या हेडपेक्षा किंचित मोठा होता इतकेच. दात जिभेला गुळगुळीत लागत होते. दाब जास्त झाला की आमच्या हँडलवर लाल दिवा लागतो, तोही पूर्वीसारखाच लागत होता, कारण ही सोय हँडलमध्ये आहे, हेडमध्ये नाही. दोन मिनिटांचा टायमरही हँडलमधलाच. मार्चपर्यंत माझे मत असे होते की हेडच्या नावाखाली ग्राहकाकडून अकारण पैसे काढले जातात, आणि मी ते नातेवाइकांना सांगतही होतो. माझ्या मेहुण्याने डिचोलीला त्याच दुव्यावरून दोन पाकिटे मागवली.

दुसरे पाकीट आम्ही उन्हाळ्याच्या शेवटी मागवले. विक्रेता तोच, छायाचित्र तेच, वर्णन अक्षरशः तेच. हातात आलेला माल मात्र निराळा होता. प्लॅस्टिक अधिक पांढरे आणि ठिसूळ वाटत होते, मानेवरच्या जोडावर साच्याची धार बोटाला लागत होती आणि हँडल व हेड यांच्यामध्ये नख शिरेल एवढी फट राहत होती. हेड दांडीवर सैल बसले की दांडीची काही हालचाल त्या सैलपणातच वाया जाते, चकती कमी फिरते आणि खडखड मात्र वाढते. तरीही वापर चालू ठेवला, कारण दात घासले जात होते.

मग पाऊस सुरू झाला. गोव्यात जून ते सप्टेंबर बाथरूममधली कोणतीही वस्तू पूर्ण वाळत नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जूनच्या अखेरीस त्या हेड्सच्या चकतीच्या मागे, पिनेच्या भोवती, तांबूस वर्तुळ दिसू लागले. सुरुवातीला तो पेस्टचा डाग वाटला, पण टूथपिकने खरवडल्यावर टोकाला गंजाची पूड आली. जुलैमध्ये चकती सुटली तेव्हा मी ती उजेडात नीट पाहिली. पिन मधोमध झिजून बारीक झाली होती, तिच्या एका बाजूला पापुद्रे सुटले होते, आणि ती जिथे प्लॅस्टिकमध्ये रुतलेली असायला हवी ते भोक गंजाने फुगून पुन्हा सैल झालेले होते. मुलीच्या हँडलवर त्या काळात कंपनीचेच हेड होते. तेच बेसिन, तेच नळाचे पाणी, तीच पेस्ट आणि तोच पाऊस असूनही त्याच्या पिनेवर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यामुळे दोष हवेचा आहे ही विक्रेत्याने पुढे केलेली सबब मला मान्य नाही. ओलसर हवेत गंजणारा धातू तोंडात घालायच्या वस्तूत वापरणे हाच दोष आहे.

पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की त्यावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. त्यालाच आपण स्टेनलेस म्हणतो. पिन एवढीशी असल्याने तिच्यासाठी स्टेनलेस वापरण्याचा वाढीव खर्च किती असेल, याचा विचार केला की संताप येतो. चुंबक लावून पिनेची परीक्षा करावी असे काही जण सुचवतात, परंतु स्टेनलेसचेही काही प्रकार चुंबकाला चिकटतात, त्यामुळे त्यातून नक्की काही कळत नाही. मी आता वेगळेच करतो. नवे पाकीट आले की त्यातले एक हेड वाटीभर मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवतो, सकाळी बाहेर काढतो आणि संध्याकाळपर्यंत तसेच ओले राहू देतो. साधे पोलाद असेल तर एवढ्या वेळात तांबूस रंग दिसू लागतो. दुसऱ्या पाकिटातील एक हेड शिल्लक होते, ते या परीक्षेत नापास झाले. पहिल्या पाकिटातील जुने, महिनोन्‌महिने वापरलेले हेड मात्र पास झाले. म्हणजे एकाच नावाखाली, एकाच पानावरून, दोन निराळ्या कारखान्यांचा किंवा निदान दोन निराळ्या प्रतींचा माल आमच्याकडे आला होता.

माझे मत बदलले ते याच ठिकाणी. बाहेरची हेड्स सरसकट वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पहिल्या पाकिटाने मला चांगली सेवा दिली. परंतु अशा हेड्सखाली हजारो लोकांनी दिलेले चार-पाच तारे तुमच्या हातात येणाऱ्या पाकिटाबद्दल काहीही सांगत नाहीत, कारण ते तारे मिळवणारा माल कदाचित वेगळाच होता. माझ्या या लिखाणालाही तोच नियम लागू आहे, म्हणून मी विक्रेत्याचे नाव देत नाही. प्रत्येक पाकीट नव्याने तपासावे लागते आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याने स्वस्त हेडच्या फंदात पडू नये.

दुसरी गोष्ट केसांच्या टोकांची, आणि ती आईमुळे लक्षात आली. मे महिन्यापासून तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. दंतवैद्यांनी तपासल्यावर पहिलाच प्रश्न विचारला, 'आजी, ब्रश बदलला का?' आईने उत्तर दिले, 'मशीन तेच आहे हो, वरचे तेवढे नवीन.' डॉक्टरांनी पुढच्या वेळी ते वरचे घेऊन यायला सांगितले. मी त्याआधीच ते बाजारातल्या ओळखीच्या सोनार शेटकडे नेले आणि त्यांच्या दागिने पारखायच्या भिंगाखाली दोन्ही हेड्स शेजारी शेजारी धरली. नायलॉनचा केस यंत्रात कापला जातो तेव्हा त्याचे टोक धारदार राहते. चांगला कारखानदार ती टोके घासून गोल करतो. कंपनीच्या हेडमधील केसांची टोके घुमटासारखी दिसत होती. स्वस्त हेडमध्ये काही केस बरे होते, पण कितीतरी तिरके कापलेले होते, काहींच्या टोकाला कापताना राहिलेला प्लॅस्टिकचा कंगोरा तसाच होता आणि एका झुपक्यातले केस बाकीच्यांपेक्षा उंच होते. शेटनी भिंग डोळ्यावरून काढून एवढेच म्हटले, 'हे हिरडीला नको.' पाकिटावर तर ड्यूपॉन्ट या नामांकित अमेरिकन कंपनीचे नायलॉन असल्याचे छापलेले होते. ते खरे मानले तरी चांगल्या नायलॉनचे टोक वाईट कापले तर ते बोचणारच. आईला कंपनीचे हेड दिल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत रक्त येणे थांबले. त्याच सुमारास दंतवैद्यांनी तिचे दात साफही केले होते, त्यामुळे सगळे श्रेय मी हेडला देणार नाही, पण आईच्या ब्रशवर आता प्रयोग होणार नाहीत.

इथे एक मुद्दा मांडणे आवश्यक वाटते. इलेक्ट्रिक ब्रश साध्या ब्रशपेक्षा चांगला, हे म्हणताना वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2014 सालच्या आढाव्याचा आधार दिला जातो. त्या आढाव्यात तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर साध्या ब्रशच्या तुलनेत 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली होती. विक्रेते हेच आकडे स्वस्त हेडच्या जाहिरातीतही बिनदिक्कत टाकतात. हँडल तेच असले तरी दाताला लागतो तो भाग निराळा आहे, चकती कमी फिरत असेल आणि केस बोचत असतील तर ते आकडे या हेडला लावता येत नाहीत.

निळ्या केसांच्या खुणेवरही विसंबू नये. कंपनीच्या हेडमध्ये तो रंग उतरू लागला की बदलण्याची वेळ आली असे समजायचे असते. आमच्या पहिल्या पाकिटात तो शेवटपर्यंत तसाच राहिला आणि दुसऱ्यात पंधरवड्यातच गेला.

चकती सुटल्यावर मी विक्रेत्याकडे तक्रार केली. परत करण्याची मुदत संपली आहे, असे ठरीव उत्तर आले. मग पाकीट नीट वाचले. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, आयात माल असल्यास मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायला हवा. आमच्या पाकिटावर किंमत होती आणि ड्यूपॉन्टचे नाव होते. आयातदार कुठेच नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पाकिटाची आणि तुटलेल्या पिनेची छायाचित्रे जोडली, आणि त्यानंतर मात्र मुदतीचा विषय न काढता पैसे परत आले. तीनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे घरी विचारले गेले. तोंडात तुटणारी वस्तू बिननावाने विकली जाते आणि सगळेच तीनशे रुपये सोडून देतात, म्हणून तर ती विकली जाते.

हेडचे भाग सुटणे हा फक्त स्वस्त मालाचा रोग आहे, असे मात्र नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 साली स्पिनब्रश या सेलवर चालणाऱ्या नामांकित ब्रशबद्दल असाच इशारा दिला होता; त्याचे भाग तोंडात सुटून दात फुटल्याच्या आणि गुदमरण्याचा धोका निर्माण झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. फरक इतकाच की तिथे जाब विचारायला एक नाव होते.

आता हिशेब. स्वस्त हेड तीन महिने वापरायचे नाही, असे मी ठरवले आहे. पावसाळ्यात तर सहा आठवड्यांत ते काढतोच. सहा आठवड्यांच्या हिशेबाने चौघांना वर्षाला सुमारे पस्तीस हेड्स लागतील, म्हणजे सव्वीसशे रुपये. चारपैकी एक परीक्षेसाठी गेले की प्रत्येक हेड शंभरला पडते आणि खर्च साडेतीन हजारांवर जातो. कंपनीच्या चार हजार आठशेच्या तुलनेत बचत उरते तेराशेची, तीही पाकीट नापास झाले नाही तर. सणाच्या सवलतीत कंपनीचे मोठे पाकीट घेतले तर ही बचतही जवळजवळ संपते. ज्या घरात एकच माणूस ब्रश वापरतो तिथे तर हा सगळा विचार व्यर्थ आहे.

खरेदी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी थोडक्यात. ओरल-बीच्या 2020 पासून आलेल्या आयओ मालिकेची बैठक वेगळी आहे, जुन्या हँडलची हेड्स तिला बसत नाहीत. फिलिप्सच्या सोनिकेअरच्या नव्या हँडलमध्ये हेडमधील चिप वाचून बदलण्याची आठवण दिली जाते. चिप नसलेले हेड दात घासते, आठवण देत नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी मॅन्युअल वाचावे, कारण मूळ नसलेले भाग वापरल्यास हमी संपते, अशी अट त्यात असू शकते.

सध्या आमच्या घरी आई आणि मुलगी कंपनीचे हेड वापरतात. मुलीच्या दातांना नुकत्याच तारा लावल्या आहेत आणि तारेत अडकून ओढल्या जाणाऱ्या चकतीला गंजकी पिन चालणार नाही. मी आणि पत्नी तिसऱ्या पाकिटातील हेड्स वापरतो, जे मिठाच्या पाण्यातून सुखरूप बाहेर आले आणि ज्यावर आयातदाराचा पूर्ण पत्ता आहे. रोज घासून झाल्यावर हेड हँडलवरून काढून, आतून धुऊन, उपडे ठेवतो, कारण फट असलेल्या हेडच्या गळ्याखाली पेस्ट आणि लाळेचा काळा गाळ दोन दिवसांतही साचतो. दर रविवारी चकती उलटी करून पिन पाहतो. तांबूस दिसली तर हेड त्याच दिवशी कचऱ्यात.