स्वस्तातले टर्की व्हेस्ट आणि ‘पोहोचले’ असा शेरा

पेनसिल्व्हेनियात टर्की या रानपक्ष्याच्या वसंतातील शिकारीचा हंगाम एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी सुरू होतो. त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत नवशिक्या शिकाऱ्याला सामान जमवण्याची जी घाई सुटते, तिच्यावर काही भामट्यांचा धंदा चालतो. त्यांना मी 42 डॉलर दिले. रक्कम मोठी नव्हती आणि अखेर ती परतही मिळाली. परंतु ज्या युक्तीने ती गेली, ती अमेरिकेत राहणाऱ्या आणि रानात जाण्याचा नाद असलेल्या मराठी मंडळींना ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या शिकारीला सामान फार लागते. वसंतात टर्कीचा माग काढत तिच्यापर्यंत चालत जाण्यास येथे मनाई आहे. मादीच्या आवाजाची नक्कल करून नरालाच आपल्याकडे बोलवावे लागते. त्यासाठी झाकण घासून वाजवायची लाकडी डबी, पाटीवर पेन्सिल ओढावी तशी काडी ओढून वाजवायची चकती, टाळूला लावायच्या पातळ पडद्या, काडतुसे, तोंडावरची जाळी, बनावट मादी आणि ओल्या जमिनीवर तासन्‌तास बसण्यासाठी गादी, हे सगळे पहाटेच्या अंधारात आवाज न करता न्यावे लागते. पहिल्या वर्षी मी ते मुलाच्या जुन्या दप्तरात कोंबले होते. प्रत्येक पावलाला लाकडी डबी कुरकुरत होती. शेवटी ज्या शेजाऱ्यांनी मला हा नाद लावला, त्यांनीच थांबून तिला रबरबँड गुंडाळले. (आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा ‘तिकडे बाजारात कोंबडी मिळत नाही का?’ एवढेच तिने विचारले.) शेजाऱ्यांच्या अंगावरील व्हेस्टला, म्हणजे बिनबाह्यांच्या जाकिटाला, मात्र प्रत्येक वस्तूसाठी वेगळा कप्पा, खाली सोडता येणारी गादी आणि पाठीवर मोठी पिशवी होती. मारलेला पक्षी नेताना दुसऱ्या शिकाऱ्याने त्यालाच जिवंत टर्की समजू नये, म्हणून त्या पिशवीवर नारिंगी कापडही होते.

तसे व्हेस्ट दीडशे-दोनशे डॉलरना पडते. ‘दुकान कायमचे बंद होत आहे’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली आणि तेच व्हेस्ट 42 डॉलरना मिळेल, असे तिच्यात म्हटले होते. छायाचित्रे खरी होती, कारण ती दुसऱ्याच दुकानाची उचललेली होती. शिवाय कोपऱ्यात सवलतीची उरलेली मिनिटे मोजणारे घड्याळ होते. त्या संकेतस्थळाचा पत्ता केव्हा नोंदवला गेला, हे कोणालाही फुकट पाहता येते. पैसे गेल्यावर मी ते पाहिले: नोंदणीला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नऊ दिवसांनी टपालाचा खरा माग-क्रमांक आला आणि एका मंगळवारी त्यावर ‘पोहोचले’ असा शेरा उमटला, मात्र माझ्या पेटीत काहीच नव्हते. विक्रेत्याला लिहिले, तेव्हा अत्यंत नम्र भाषेत त्याने आधी शेजारी चौकशी करण्यास सांगितले, मग आठवडाभर थांबण्यास, आणि त्यानंतर वीस टक्के रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव दिला. हा सारा वेळकाढूपणा होता. क्रेडिट कार्डावरील अशी तक्रार, तो खर्च ज्या विवरणपत्रात प्रथम आला, ते पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत लेखी पोहोचवावी लागते, आणि ते दिवस संपावेत हाच त्या नम्रतेचा हेतू होता.

कार्ड कंपनीने माझी पहिली तक्रार फेटाळली, कारण माग-क्रमांकाप्रमाणे वस्तू माझ्याच गावात, माझ्याच पिनकोडवर पोहोचली होती. मी टपाल कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी क्रमांक तपासला आणि ते पाकीट कोणाकडे गेले हे सांगता येणार नाही, पण तुमच्या पत्त्यावर ते गेलेले नाही, असे स्पष्ट सांगितले; त्याचे वजन होते दोन औंस. गादी आणि पट्ट्यांसह असे व्हेस्ट दोन-तीन पौंडांचे तरी भरते. भामटे गावातील भलत्याच घरी एखादे रिकामे पाकीट पाठवतात आणि ‘पोहोचले’ हा शेरा पुरावा म्हणून वापरतात, असे प्रकार त्या खिडकीवर पूर्वीही आले होते. पत्ता जुळत नसल्याचे आणि वजनाचे दोन ओळींचे पत्र त्यांनी सहीशिक्क्यासह दिले. त्याची प्रत जोडून पुन्हा तक्रार केली, तेव्हा सव्वा महिन्याने पैसे खात्यावर जमा झाले. कार्डाऐवजी थेट बँकेतून पैसे पाठवले असते, तर हे पत्र दाखवण्यासाठी कोणी शिल्लकच राहिले नसते.

तोपर्यंत हंगाम संपत आला होता. शेजाऱ्यांनी स्वतःचे जुने, एक पट्टा तुटलेले व्हेस्ट मला वापरायला दिले होते. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी सुतळी बांधून मी दोन पहाटे रानात बसून आलो. नर काही जवळ आला नाही. लाकडी डबी मात्र तिच्या कप्प्यात एकदाही कुरकुरली नाही.